हडळीला जर्मनमध्ये काय म्हणायचं?

माझी मोठी बहीण सुनंदा. गेल्या तान्ह्या पोळ्याला, दुपारी सव्वातीन वाजता, चांदूर बाजारजवळच्या तिच्या सासरी, ओसरीवर बाळंत होताना मेली. दवाखान्याची गाडी तीन तास आली नाही. पोरगी जगली. हे आधी वाचा, मग पुढचं.

पुढचं मी स्वतःही मानलं नसतं. अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटणारी मी…

ताईला नेताना तिच्या सासूने मागे राळे, म्हणजे ते बारीक धान्याचे दाणे, फेकले – घरापासून मसणापर्यंत. बाळंतीण मेली की हडळ होते म्हणे, आणि रस्त्यावरचा दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला घरी येता येत नाही.

"कावून टाकता मामी?" मी ताईच्या सासूला विचारलं.

"टाकाच लागते बाई. लेकरापाशी येते ते."

याच प्रथेवरचं पत्रक माझ्या पिशवीत होतं. मीच लिहिलेलं. मी पिशवी उघडली नाही.

सहा महिन्यांनी अकोल्यात, माझ्या भाड्याच्या खोलीत, वऱ्हाडी भुताखेतांच्या गोष्टी मी जर्मनमध्ये उतरवत होते. पोटापाण्याचं काम. भर दुपार. 'हडळ' हा शब्द आला. मी 'हेक्से' लिहिलं, म्हणजे चेटकीण. खोडलं. ताईने कोणावर चेटूक केलं होतं? मग 'गेश्पेन्स्ट' – भूत. तेही खोडलं. शेवटी लिहिलं 'व्योख्नेरिन'. म्हणजे बाळंतीण. नुसती बाळंतीण.

रडू फुटलं. मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत आले… तर वहीवर, त्या शब्दाशेजारी, राळ्यांचा ढीग. ओंजळभर. धुळीने माखलेले, मध्ये डांबरी खडे, वाळलेलं शेण. दाराला आतून कडी होती.

मी अमरावतीला आईला फोन लावला. ताईची पोरगी तिच्याकडेच असते.

"सकाळपासून रडून रडून जीव खाल्ला माहा," आई म्हणाली. "आता पाह्य, कशी हसून राहिली!"

"कोणाकडे पाहून?"

"मले तं कोणी नाई दिसत. पण उचलून घे म्हणते तशी… दोन्ही हात वर करून राहिली वो."

ते राळे डबीत आहेत माझ्याकडे. कसे आले, मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळतं की वेचायचं काम तिला एकटीला पडलं, आणि मी तो रस्ता साधा झाडलाही नाही.

तुमच्या गावात बाळंतीण गेली, तर कोणीतरी राळे घेऊन उभं राहील. आधी विचारा, गाडी कावून नाही आली. मग तो हात धरा. तिथेच, सगळ्यांसमोर. तिला घरी येऊ द्या.