सामोरं आलेल्या तीन ओळी

गेल्या दिवाळीच्या आधी आई, शेजारची काकू आणि मी, तिघींनी मिळून चार एकर सोयाबीन सोंगायचा गुत्ता घेतला. गुत्ता म्हणजे दिवस मोजायचे नाहीत. वावर कापून झालं की ठरलेले बारा हजार. आधी आई आणि काकू दोघीच असत आणि निम्मे-निम्मे करत. या वेळी मी घुसले, कारण मलकापूरच्या कॉलेजची दुसऱ्या वर्षाची फी, तीन हजार, भरायची राहिली होती.

पहिल्याच दिवशी काकू आईला म्हणाली, "सारखे तीन वाटे कसे कराचे? तुह्या पोरीचा इळा त शेंगाले विचारून विचारून चालते."

मीच म्हटलं, "काकू, जिचं जितकं काम तितका वाटा. मले येते हे गणित."

"येते त मांड. कॉलेजात जाते तू, होऊ दे आमाले बी काही उपेग."

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातला काळ-काम-वेगाचा धडा मला पक्का येतो. चारचौघांत न अडखळता सांगता येईल अशी माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत ओळी मोजून वहीत लिहिल्या. काकूच्या पंधरा, आईच्या बारा, माझ्या नऊ. म्हणजे काकूला पाच हजार, आईला चार, मला तीन. काकूनं बोटांवर पडताळून पाहिलं आणि मान डोलावली. माझी फी बरोबर निघत होती.

दुपारी कापताना मान वर केली, तर काकू समोरून येत होती. आमच्याकडे जिची ओळ आधी संपते, ती मागे राहिलेलीच्या ओळीत पलीकडच्या टोकाकडून शिरते आणि दोघी मध्ये भेटतात. याला सामोरं येणं म्हणतात. सकाळीही ती अशीच आली होती, माझ्या सहा ओळींत. निम्म्या तिनं कापल्या होत्या आणि मी त्या सगळ्या माझ्या धरल्या होत्या. खरं म्हणजे माझ्या सहाच, तिच्या अठरा. माझा वाटा दोन हजार.

संध्याकाळपर्यंत मी बोलले नाही. लिहितानाही ते बरं वाटत नाही. विळे धुताना शेवटी सांगितलं, "काकू, चुकलं माझं. तुमचे सहा हजार होतात."

सगळं ऐकून ती म्हणाली, "सामोरं आलेलं कोनी मोजते का वं? ज्याची ओळ त्याची."

"पण पैशाचं तर तुम्हीच..."

"माह्या ओळीचा रुपया मी सोडत नाही. पण सामोरं येन्याचे पैसे घेतले, त उद्या माहे गुडघे गेल्यावर माह्या ओळीत कोन येईन? तू?"

मी "हाव" म्हटलं. थोडं उशिराच, पण म्हटलं.

"पाहू. पुढच्या वावरात मी येत नाही तुह्या ओळीत. मंग मांड गणित."

तीन हजार मिळाले, फी भरली. पुढच्या वावरात सकाळभरात माझ्या आठ ओळी झाल्या, आठही एकटीच्या. नवव्या ओळीचे शेवटचे दोन हात राहिले असताना समोरून काकूचा विळा आला.

"हे वहीत लिहू नको," ती म्हणाली.