सुलतानच्या खुब्यांचा फोटो

दादा गेल्याची बातमी मला कळली ती अशा माणसाकडून, ज्याचं नाव आमच्या घरात कुणी जेवताना काढत नाही. मी कळवणला शाळेत शिकवते. सकाळी प्रार्थनेआधी मोबाइल पाहिला, तर श्वानप्रेमींच्या ग्रुपवर बंटीशेठचा संदेश होता... ‘आमचे परममित्र डॉ. अरविंद यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ सोबत कुठल्याशा जुन्या डॉग शोमधला फोटो. मधोमध बंटीशेठ, गळ्यात हार, हातात कप, आणि कडेला अर्धा कापला गेलेला माझा भाऊ. वहिनीचा फोन त्यानंतर आला. झोपेतच गेला, म्हणाली. बिचारीला वाटत होतं, मला पहिल्यांदा तीच सांगतेय.

दादा नाशिकला कुत्र्यामांजरांचा डॉक्टर होता. हाडं, सांधे, स्नायू हा त्याचा खास विषय. जनावरांवर त्याचा जितका जीव, तितकाच त्यांच्या मालकांचा तिटकारा. धष्टपुष्ट दिसावं म्हणून पिल्लाला कॅल्शियमच्या बाटल्या पाजून त्याची हाडं वाकडी करणारे लोक त्याने रोज पाहिले होते. एकदा एक बाई दुमडलेल्या कानांचं मांजर घेऊन आल्या. किती गोड दिसतं, म्हणून मुद्दाम मागवलेलं. आता ते उडी मारत नव्हतं, शेपटीला हात लावला की ओरडत होतं. दादा म्हणाला, “कान दुमडलेत ते कूर्चेच्या रोगाने. तोच रोग सगळ्या सांध्यांत आहे. तुम्ही आजार विकत घेतलात, गोड दिसतो म्हणून.” बाई रागावून दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या. असे कितीतरी गेले. दादाला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं, कारण घर वहिनी चालवत होती.

बंटीशेठचं त्र्यंबक रोडला फार्महाऊस. तिथे तो जर्मन शेफर्डची पैदास करायचा. सुलतान हा त्याचा नावाजलेला नर. शोमधले कप, पेपरातले फोटो, सगळं त्या कुत्र्याच्या जिवावर. पुढे गिऱ्हाइकं विचारायला लागली, बापाचे खुबे तपासलेत का? म्हणून बंटीशेठ सुलतानला घेऊन आला. मी सुट्टीत नाशिकला आले होते, त्या दिवशी दवाखान्यातच बसले होते.

“बघा ना डॉक्टर, चाल कशी राजासारखी आहे.”

“पळताना मागचे दोन्ही पाय जोडीने टाकतो, सशासारखे,” दादा म्हणाला. त्याने एक्स-रे काढला, दिव्याच्या काचेवर लावला आणि बोट ठेवलं. “मांडीच्या हाडाचा हा गोळा कमरेच्या वाटीत घट्ट बसायला हवा. इथे वाटी उथळ आहे, गोळा अर्धा बाहेर. आता तरुण आहे, अंगात ताकद आहे, म्हणून निभावतंय. हे पिल्लांत उतरतं. याची पिल्लं घेऊ नका.”

बंटीशेठ हसला. “खुबे ठीक असल्याच्या दाखल्यावर एक सही तर करायचीय. कोण बघतंय आतलं हाड?”

“मी बघितलंय ना,” दादा म्हणाला आणि त्याने पुढचा पेशंट आत बोलावला.

सही दुसरीकडे मिळाली. मिळतेच. वर बंटीशेठने गावभर पसरवलं, की अरविंद डॉक्टरचं मशीन भंगार आहे, त्यांना चांगल्या हाडांतही भुतं दिसतात. ज्यांच्या कुत्र्यांना दादाने पायावर उभं केलं होतं, तीच माणसं हे ऐकून माना डोलवत होती. दवाखाना ओस पडत गेला.

मग सुलतानची पिल्लं मोठी झाली. नाशिकरोडहून एक क्लार्क आपल्या मुलीबरोबर आला. त्यांच्या ब्रूनोला जिना चढवेना. बंटीशेठ त्यांना म्हणाला होता, वाढीचं दुखणं आहे, कॅल्शियम वाढवा. दादाने त्याचं खाणं कमी केलं, दुखण्याचं औषध दिलं, कालव्याच्या संथ पाण्यात त्याला पोहायला शिकवलं. “हे बरं होणार नाही,” त्याने त्या मुलीला स्पष्ट सांगितलं, “पण याला मजेत जगता येईल.” ती मुलगी ब्रूनोला नेमाने पोहायला नेत राहिली. बाकीच्यांचं काय सांगावं... बंगलेवाले, गाडीवाले, पिल्लू आणल्यावर केक कापणारे. त्यांतल्या एकाने तर लंगडणारा कुत्रा दवाखान्याच्या फाटकाला बांधला आणि काच वर करून निघून गेला.

आणि एका दुपारी खुद्द सुलतान आला, टेम्पोत, पोत्यावर पडून. बरोबर ड्रायव्हर. “शेठ म्हनले, झोपवून टाका. उठत नाय आता, जागेवरच घाण करतो.”

दादाने सुलतानच्या मांड्या चाचपल्या. मांस झडून हाडं हाताला लागत होती. पण त्याने बिस्किट पुढे धरलं, तर कुत्र्याने ते खाल्लं. “ठेवून जा,” दादा म्हणाला. ड्रायव्हर गेला. संध्याकाळी बंटीशेठने ग्रुपवर सुलतानला श्रद्धांजली वाहिली, डोळे पुसणाऱ्या चेहऱ्यांसकट. त्या वेळी सुलतान दादाच्या ओसरीवर दूधभाकरी खात होता. दादाने मला फोन करून तो संदेश वाचून दाखवला आणि खूप दिवसांनी पोटभर हसला.

दादाच्या दहाव्यानंतर लोक घरी जमले. बंटीशेठ पांढऱ्या कपड्यांत आला आणि कुणी न सांगता बोलायला उभा राहिला. “डॉक्टरांनी आणि मी मिळून या शहरात श्वानप्रेम रुजवलं...” लोक ऐकत होते. काही जणांनी डोळेही पुसले. त्यांची मला बंटीशेठपेक्षा जास्त किळस आली. तो निदान धंदा करत होता.

त्याचं संपल्यावर वहिनी शांतपणे म्हणाली, “सुलतान आत झोपलाय. भेटून जाता?”

त्याला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. फोन कानाला लावून, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा, चपला शोधत बाहेर पडला.

सगळे गेल्यावर मी आतल्या खोलीत गेले. गुळगुळीत फरशीवर सुलतानचे पाय फाकत, म्हणून दादाने भिंतीपासून भिंतीपर्यंत काथ्याची जाड पायपुसणी शिवून पसरली होती. चालताना ती आपल्या तळव्यांना टोचतात. नातेवाईक म्हणत होते, आता काढून टाका, घर कसं दिसतं.

“मंगल, चप्पल घालून ये,” वहिनी खाली बसत म्हणाली. गरम पाण्याची पिशवी तिने सुलतानच्या खुब्यावर ठेवली आणि दादा चोळायचा तसं मांडीवरून हळूहळू हात फिरवायला लागली. थोड्या वेळाने सुलतानने पुढचे पाय रोवले, थरथरत मागचा भाग उचलला... आणि नखं काथ्यात रुतवून उभा राहिला.