प्रेशर स्विच आणि सलीमभाई

गाडीचा एसी दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाइकाला बसून राहण्याशिवाय काम नसतं. मग तो बोलतो. सलीमभाईंच्या एसी गॅरेजला लागूनच माझं स्पेअर पार्टचं दुकान, त्यामुळे मंठ्यातले असे किस्से माझ्याकडे आपोआप साठलेत.

एका कापूस व्यापाऱ्याने विचारलं, "भाई, हा अंगठ्याएवढा प्रेशर स्विच करतो काय?"

"गॅस कमी झाला की कंप्रेसर बंद करतो. प्रेशर लई वाढलं तरी बंद करतो. न्हाई तर कंप्रेसर जाईल."

"आन् सगळं बराबर असलं की?"

"मंग गप बसतो."

व्यापारी म्हणाला, "आमच्या घरात असा एकबी माणूस न्हाई."

गॅस गळून एसी बंद पडला, की लोक स्विचलाच शिव्या देतात. स्विच वगळून, वायर जोडून डायरेक्ट करा म्हणतात. भाई करत नाहीत. आष्टीचा एक प्लॉटिंगवाला चिडून दुसरीकडून डायरेक्ट करून आला आणि आमच्यासमोरून काचा लावून, हॉर्न वाजवत गेला. काही दिवसांनी परत आला तो काचा खाली करून, घामाघूम. कंप्रेसर जाम!

"बोला भाई, काय बोलायचं ते," तो म्हणाला.

भाईंनी त्याला चहा पाजला. मी असतो तर चांगलं सुनावलं असतं, खरं सांगतो.

मे महिन्यातल्या एका दुपारी दत्ताराव आले. मागच्या सीटवर त्यांची आई कुशीवर पडलेली. उकळतं पाणी सांडून तिची पाठ भाजली होती, ड्रेसिंगसाठी संभाजीनगरला न्यायचं होतं. पट्टीखाली घाम गेला की म्हातारी कळवळायची. मला बघवेना.

भाईंनी गेज लावला. गॅस पुरेपूर होता, स्विचच खराब झाला होता. तसा नवा स्विच माझ्या दुकानात नव्हता. फोन करून पाहिले, दुसरी गाडीही मिळेना.

"डायरेक्ट करा म्हणत न्हाई मी," दत्ताराव म्हणाले. "तुमचं मला माहीत हाये."

भाईंनी वायर आणली, स्वतःच जोडली, गॅरेजचं शटर ओढलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"मी संग येतो. गाडी कुठं अडकली की प्रेशर वाढतं, तवा एसी मी बंद करीन, पळाली की चालू. तुमी फक्त चालवा."

अंधार पडताना गाडी परत आली. मी विचारलं, "भाई, कंप्रेसर टिकला का?"

"म्हातारीला झोप लागल्ती," भाई म्हणाले.