तात्यांची गाठ उगवली, त्याचे पेढे

बारामतीला लोक फिरायला जातात; मी गेलो एका सहीसाठी. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत रुग्णांच्या फुप्फुसातल्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा बशीत वाढवून त्यावर औषधं तपासतात. कन्हेरीच्या तात्यांची गाठ झकास वाढली, पण संमतीपत्राच्या दुसऱ्या पानावर सही घ्यायची राहिली. एवढे शिकलेले आम्ही.

नऊला बाइक काढली. सोलापूर रस्ता छान. भिगवणला मासळीचं ताट घ्याच, अडीचशेत पोट फुटेस्तोवर. शेजारचे पुणेकर फ्लेमिंगो दिसले नाहीत म्हणून हॉटेलवाल्याला झापत होते. तिथून बारामती तासाभरावर, कन्हेरी लगतच.

तात्यांच्या ओसरीवर भावकी जमलेली आणि सून पेढे वाटत होती. कारण मीच. फोनवर मी उत्साहाने सांगितलं होतं, तुमचं सॅम्पल जोरात वाढतंय. उसाच्या गावात उगवलं ही वाईट बातमी कशी असेल? तात्यांनी तर विचारलंही, उसाच्या बेण्याचे फुटतात तसे सगळे डोळे फुटले का.

मग मी अक्कल पाजळली. म्हटलं, बऱ्याच गाठी बशीत मरतात. ज्यांच्यातली वाढीची जनुकं जोरात कामाला लागलेली असतात, त्या जास्त करून रुजतात. आमचे साहेब याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात आणि टाळ्या घेतात.

तात्यांनी हातातला पेढा खाली ठेवला.

"म्हंजी हितं छातीतबी जोरातच आसंल."

खोटं बोलायला तोंड उघडलं, जमलं नाही. "बहुतेक," म्हणालो.

"मग फोनवर आनंद कशाचा झाला हुता तुमास्नी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या तपासणीतून सापडेल ते औषध तुमच्यापर्यंत वेळेत पोचेल असं नाही, तेही सांगून टाकलं. तात्यांनी चष्मा मागवला, दोन्ही पानं वाचली, सही केली. निघताना सुनेकडून पेढ्यांचा डबा घेऊन माझ्या हातात दिला.

"न्या. तुमचं तरी पीक आलं."

येताना कुठे थांबलो नाही, त्यामुळे चहाची ठिकाणं विचारू नका.

सोमवारी साहेबांनी विचारलं, पेढे कशाचे? तात्यांची गाठ वाढली त्याचे, मी म्हणालो. वा, म्हणून त्यांनी दोन उचलले. दुपारपर्यंत डबा रिकामा. एक मीही खाल्ला, स्वतःची लाज वाटत होती तरी.

डबा घासून माझ्या टेबलावर ठेवलाय. स्टीलचा आहे, झाकणावर तात्यांचं नाव कोरलेलं. परत द्यायला लवकर जायला हवं.