आबांचा गुन्हा कुणी नोंदवला नाही

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी धुळ्याला एका वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करत होते. माहेर जळगावचं. धुळ्यात मावशीकडे राहायचे. कोर्टात बायका कमी, आणि माझ्याकडे येणारी कामंही तशीच, दुसऱ्या कुणाला नको असलेली. एका दुपारी शिरस्तेदारांनी एक म्हातारे गृहस्थ माझ्या टेबलाशी आणून बसवले आणि हसत म्हणाले, "यांचं काय आहे ते तुम्हीच बघा."

ते दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. उंच, ताठ, डोक्याला पांढरा फेटा. तरुणपणी इंग्रजांच्या फौजेत होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले होते. मी त्यांना आबा म्हणायला लागले ते तेव्हापासून. त्यांनी पाणी घेतलं, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "बेटा, मी एक बाई मारेल शे. माले कोर्टमा सांगनं शे."

त्याआधी ते पोलीस ठाण्यात जाऊन आले होते. मला अटक करा, असं त्यांनी फौजदाराला सांगितलं होतं. फौजदाराने सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि म्हणाला, "आबा, तुम्ही देशासाठी लढलात. तुम्हाला अटक केली तर लोक मला जोड्याने मारतील." वर शिपायाला सांगून एसटी स्टँडपर्यंत पोचवलं. तिथून गाडी न पकडता ते कोर्टात आले होते.

हळूहळू मला सगळं कळलं. ब्रह्मदेशात एका नदीकाठी त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला होता. सोबतचे बरेच जण मेले. दुसऱ्या दिवशी उरलेले लोक जवळच्या खेड्यात शिरले. जपान्यांना वाट याच गावाने दाखवली असणार, असं ठरलं. हवालदाराने पुरुषांना एका गोठ्यापुढे उभं केलं आणि गोळ्या घालायला लावल्या. सगळं आटोपल्यावर एक बाई शेताच्या बांधावरून पळत आली. काय झालं हे तिला ठाऊक नव्हतं. कडेवर भाताचं भांडं होतं, बहुतेक त्या पुरुषांपैकीच कुणासाठी आणलेलं. हवालदार म्हणाला, हिलाही. आबा सर्वांत जवळ उभे होते.

चाळीस वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात भुईमूग काढत असताना त्यांची सून बांधावरून घाईघाईने भाकरी घेऊन येताना दिसली. आबा जमिनीवर बसले ते उठेचनात. सुनेला वाटलं, ऊन लागलं. त्या दिवसापासून त्यांचं एकच सुरू झालं: याचा खटला व्हायला पाहिजे. माझ्यावर, आणि हुकूम देणाऱ्यावर.

मी माझ्या वकीलसाहेबांना विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी पुस्तकं काढून पाहिली. "खुनाला मुदत नसते, ते खरं," ते म्हणाले. "पण गुन्हा कुठे घडला? गावाचं नाव काय?"

"माहीत नही," आबा म्हणाले.

"मेलेल्यांची नावं?"

आबांनी मान हलवली.

"तक्रार कोणाची? ज्या सरकारची फौज होती ते सरकार आता नाही. जिथे घडलं तो देश आपला नाही. आबा, हे लढाईतलं आहे. लढाईत कोण चुकत नाही? आता देवाचं नाव घ्या."

बाहेर आल्यावर आबा व्हरांड्यात थांबले. मग म्हणाले, "बठ्ठा लोके हेच म्हनतस. पन ती बाई कुठं लढाई करत व्हती?"

हुकूम देणारा हवालदार पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाला होता आणि जामनेरला राहत होता. आबांना तिकडे जायचं होतं. मी रविवारी त्यांच्याबरोबर निघाले. पारोळा, एरंडोल करत जळगाव, तिथे गाडी बदलून जामनेर. तिथे काय बोलायचं ते आबा वाटेत मनात ठरवत असावेत, असं मला वाटलं. मलाही वाटत होतं की दोन म्हातारे समोरासमोर येतील आणि निदान त्या दोघांमध्ये तरी ही गोष्ट खरी ठरेल.

सुभेदारांचं घर बाजारपेठेच्या मागे होतं. ओट्यावर बसून ते पेपर वाचत होते. घरातले त्यांना नाना म्हणायचे. आबांना ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही. उठले, मिठी मारली, डोळे पुसले. सुनेला हाक मारून सांगितलं, "माझा भाऊ आला आहे, भाकरी टाक." आतून वांगी भाजल्याचा वास आला. नातवंडांना बोलावून त्यांनी आबांच्या पाया पडायला लावलं. आबा अवघडून बसून होते.

जेवणं झाली. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आबांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली. मग त्यांनी विषय काढला. मला वाटलं होतं, सुभेदार नाकारतील. तसं झालं नाही.

"आठवतं ना," ते म्हणाले. "न आठवायला काय झालं?"

"ते लोके दोषी व्हतात का, सुभेदारसाहेब?"

"एक जण वाट दाखवतो आणि अख्खं गाव गप्प बसतं. गप्प बसणाराही त्यातलाच. आपली पोरं चिखलात पडली होती, ते विसरलास तू?"

"नही इसरनू."

"मग?"

मी विचारलं, हुकूम कोणाचा होता. सुभेदारांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "कप्तानाचा. गोरा होता."

"त्याने गोळ्या घाला असं सांगितलं?"

"असं कोण सांगतं का, बाई? तो म्हणाला, त्या गावाचं बघून घ्या. बघून घ्या म्हणजे काय, ते आम्हाला कळायचं."

"आणि ती बाई?" आबांनी विचारलं.

सुभेदार म्हणाले, "तिला सोडली असती तर तिने सांगितलं असतं."

"कोणाला?" मी म्हणाले.

"कोणालाही."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. ते आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून समजावू लागले. आपण परत आलो, लग्नं झाली, ही मुलंबाळं झाली. तिथे दया दाखवली असती तर यातलं काहीच नसतं. समोरच्यांनी आपल्या माणसांचे काय हाल केले ते त्यांनी सांगितलं, आणि ते खोटं नसावं. बोलता बोलता ते सगळं नीट जुळत गेलं. त्यांच्या हिशेबात ती बाई कुठे बसतच नव्हती, एवढंच.

आबा म्हणाले, "तुम्ही मन्हासंगे ठाण्यामा चला. आपुन दोन्ही सांगूत."

सुभेदार हसले, पण टर उडवायची म्हणून नाही. "तुला झोप लागत नाही का रे? इथे आमच्याकडे चांगला डॉक्टर आहे. मला बघ, पाठ टेकली की सकाळ."

निघताना त्यांनी केळ्यांची फणी पिशवीत घालून दिली. जळगावच्या स्टँडवर आबांनी ती एका भिकारणीला दिली आणि गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "त्यासले झोप येस."

पंधरवड्याने आबांचा मुलगा मला भेटायला आला. अदबीने बोलला, पण घाबरलेला होता. "ताई, त्यांना नादी लावू नका. माझ्या पोरीचं बघणं चाललंय. आजोबाने बाईमाणूस मारलं असं बाहेर गेलं तर कोण येईल दारात? आणि त्यांनी मुद्दाम केलं का? हुकूम होता. नोकरी होती." मी म्हटलं, ते स्वतःच येतात, मी बोलावत नाही. "मग येऊ नका म्हणून सांगा," तो म्हणाला. सांगायची वेळ आली नाही. आबा यायचेच थांबले. घरच्यांनी त्यांना एकट्याने गाडीत बसू देणं बंद केलं होतं.

पुढे माझं लग्न झालं, मी जळगावला वकिली करू लागले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुभेदार वारल्याची बातमी तिथल्या पेपरात वाचली. मोठी अंत्ययात्रा निघाली होती. बाजारातल्या एका चौकाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. फोटोत ते पदकं लावून बसले होते, चेहऱ्यावर तोच शांतपणा.

मग काही वर्षांनी परदेशातल्या एका युद्धाच्या बातम्या यायला लागल्या, आणि मागोमाग अशीही की गावंच्या गावं मारणाऱ्यांवर खटले चालवायला खास न्यायालय बसवलं आहे. तो पेपर घेऊन मी आबांच्या गावी गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांना हे कळायला हवं, इतकंच वाटलं.

आबा खाटेवर होते. कान गेले होते, पण मला ओळखलं. मी कानाशी तोंड नेऊन बातमी वाचून दाखवली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली. मग विचारलं, "ते गाव शे का त्यामा?"

"नाही, आबा. हे दुसरं युद्ध आहे. आत्ताचं."

"आमनं?"

"ते नाही. त्याचं कोणी चालवत नाही."

त्यांनी डोळे मिटले. सूनबाईने चहा आणला, पावसापाण्याचं बोलणं झालं. मी उठले तेव्हा त्यांनी हात जोडले. मला वाटलं, आपण येऊन त्यांना आणखी एकदा घरी पाठवलं, त्या फौजदारासारखं.

त्याच हिवाळ्यात ते गेले. मी पोचले तेव्हा अंगणात गर्दी होती. तालुक्याहून माजी सैनिक आले होते, टोप्या घालून, रांगेत उभे. तिरडीवर फुलं, वर तिरंगा. मुलगा रडत होता, आणि रडता रडता येणाऱ्यांना नीट बसवत होता. नातीचं चांगल्या घरी लग्न झालं होतं, जावई पुढे होऊन सगळं बघत होता.

सरपंच बोलले. ब्रह्मदेशाच्या जंगलात आबांनी शत्रूला कसं पाणी पाजलं, हे त्यांनी ऐकलेलं नसूनही तपशिलात सांगितलं. शाळेची पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. आबांनी जे फौजदाराला, वकिलांना, मुलाला, मला सांगितलं होतं, त्यातला एक शब्दही त्या अंगणात नव्हता. ते स्वतः कबूल करणारा एकच माणूस होता, आणि त्याला आता खांदा द्यायचा होता.

मुलाने मला बाजूला बोलावलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या. दोन शब्द बोला आबांबद्दल."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि विनंतीही.

"नको," मी म्हटलं. त्याला हायसं वाटलं. ते त्याने लपवलंही नाही.

मग त्यांनी आबांना उचललं आणि घोषणा देत नदीकडे नेलं.