बहिणीच्या थर्माकोलच्या भिंती

बांधकामाची कामं घ्यायला लागून मला वीस वर्षं झाली. दौंडमधली कितीतरी घरं माझ्या हातची, सगळी विटांची. त्यामुळे धाकट्या बहिणीनं वडगाव रासाईला, शेतात, थर्माकोलच्या साच्यांचं घर बांधायला काढलं आणि मला साधं विचारलंही नाही, हे मला फार लागलं.

माल आला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. पांढरे, पोकळ ठोकळे. एकावर एक रचायचे, मधल्या पोकळीत सळई बांधून काँक्रीट ओतायचं. साचा काढायचाच नाही; तो भिंतीत राहतो आणि ऊन, आवाज आत येऊ देत नाही. वरून प्लास्टर. बहिणीचा नवरा कारखान्यात कामाला आहे, तिथं त्यानं असं बांधकाम पाहिलं होतं. जमलेल्या शेजाऱ्यांना तो उत्साहानं सांगत होता. मी पुढं होऊन एका ठोकळ्यात अंगठा दाबला. खड्डा पडला.

"दाजी, आमचा फ्रिज असल्याच खोक्यात आला होता," मी म्हणालो. "म्हशीनं अंग घासलं तरी पडंल हे."

सगळे हसले. दाजींनी तो ठोकळा उचलून बाजूला ठेवला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. त्यांनी ठरवलेला मिस्त्री मांडवगण फराट्याचा, माझ्या ओळखीचा. मी त्याला फोन करून सांगितलं, की हे घर टिकणार नाही, उद्या नाव तुझं खराब होईल. त्यापेक्षा माझ्याकडं ये. तो आला. चार दिवसांनी बहिणीचा फोन.

"दादा, मिस्त्री यायचा बंद झाला. तुझ्याकडचं कुणी देतोस का?"

"सगळी कामावर हायेत गं," मी म्हणालो. तेव्हा माझी दोन माणसं रिकामी बसून होती.

शेवटी दाजींनी रजा काढली. दोघांनी मोबाईलवर बघत बघत, दोन मजूर हाताशी घेऊन भिंती उभ्या केल्या. काँक्रीट ओतताना एक कोपरा फुगून फुटला, तो परत केला. वास्तुशांतीला बहिणीनं मला आग्रह करून वाढलं. सिमेंटनं तिची बोटं उलली होती. मी जेवलो आणि भिंतींबद्दल एक अक्षर न बोलता निघालो.

पुढच्या उन्हाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती माझ्याकडं, वरच्या खोलीत. दिवसभर स्लॅब तापायचा, भिंती संध्याकाळपर्यंत गरम. कूलर लावला तरी तिला झोप नाही. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसून राहायची. आठवड्याभरानं बहीण आली आणि तिला घेऊन गेली.

मी भेटायला गेलो तो भर दुपारी. बाहेर उभं राहवत नव्हतं. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि थबकलो. पंखा अगदी हळू फिरत होता. शेजारच्या वस्तीवरची पिठाची गिरणी चालू होती, पण दार लावल्यावर तिची नुसती घरघर उरली. आई पातळ चादर ओढून गाढ झोपली होती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल दिसला. माझ्या घरात तिला मी हे देऊ शकलो नव्हतो, आणि जे घर तिला हे देत होतं ते होऊ नये म्हणून मी धडपडलो होतो. तिच्याकडं बघवेना.

स्वयंपाकघरात बहीण चहा टाकत होती. मी म्हणालो, "तुमचा मिस्त्री मीच फोडला होता."

तिनं गॅस बारीक केला. "ठाऊक हाय. त्यानंच सांगितलं दिवाळीत."

"मग बोलली का न्हाईस?"

"आईला कळलं असतं म्हणून."

"दाजींना?"

"त्यांना न्हाई सांगितलं. ते तुला मानत्यात."

संध्याकाळी दाजी कामावरून आले, तेव्हा मीच सगळं सांगितलं. त्यांनी वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाले, "दादा, तुम्ही तवा नुसतं आला असता तरी हिला धीर आला असता."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. आता कुणी असल्या बांधकामाबद्दल विचारलं की मी दाजींचा नंबर देतो. ते माणसांना घर दाखवतात, ठोकळा कसा रचायचा ते समजावतात. मलाही त्यांनी एकदोनदा बरोबर बोलावलं. अजून माझं धाडस झालेलं नाही.