शेळीचा पाला

अंबूबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे मेदनकरवाडीतल्या त्या चाळीला पहिल्याच आठवड्यात कळलं. सुनेच्या बाळंतपणासाठी केज तालुक्यातून आलेली ही बाई. आल्या आल्या नळावर भांडली, घरमालकाशी भांडली, आणि सुनेला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही तिनं सोडलं नाही.

डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या होत्या, "उत्कर्षाचं रक्त फार कमी आहे. पालेभाज्या, अंडी, डाळिंब, खजूर रोज पोटात गेलं पाहिजे. नाहीतर बाळंतपणात जिवावर बेतेल."

"मग चिठ्ठीवर तसं लिवून द्या की! म्हंजी बाजारवाला फुकट देईल," अंबूबाई म्हणाली.

मुलगा, धनेश, चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. कंपनीत गाड्या तयार व्हायच्या आणि घरात मेथीची जुडी यायची मारामार! निम्मा पगार खोलीभाडंच गिळायचं. आता बाईनं काय डोकं आपटून घ्यायचं? अंबूबाईनं नाही आपटलं. तिनं पदर खोचला आणि रान शोधलं.

चाळीमागच्या रस्त्याला एका कंपनीची लांबलचक भिंत होती. भिंतीबाहेर पडीक जागा. उन्हाळ्यानं सगळीकडं माती तडकलेली, पण तिथं तांदुळजा आणि घोळ असे माजलेले की बघत राहावं. रानभाजी ओळखायला अंबूबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. रोज सकाळी ती ओटीभर पाला खुडून आणायची. लसूण-मिरचीची फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट, ज्वारीची गरम भाकरी. सुनेसमोर ताट ठेवून दारात बसायची आणि ताट पुसून खाल्ल्याशिवाय तिला उठू द्यायची नाही.

"आई, तुम्हीपण घ्या ना," उत्कर्षा म्हणायची.

"मला काय धाड भरलीय? तू खा. रक्त वाढतंय त्यानं."

भर उन्हाळ्यात पाण्याशिवाय पाला हिरवा राहत नाही, हे शेतात जन्म गेलेल्या बाईला कळायला नको होतं? कळत होतं. पण फुकटच्या हिरव्या रंगानं तिच्या डोळ्यांवर झापड आणली, दुसरं काय!

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं नाही म्हणून ती दुपारी गेली. भिंतीच्या बुडाशी दाट तांदुळजा होता. तो बाजूला सारून तिनं पाय टाकला आणि किंचाळलीच. पाल्याखाली पाइप होता. त्यातून फेसाळलेलं तांबूस पाणी येत होतं, आणि घोट्यापर्यंत कातडी चरचरत होती.

"मावशी, लांब व्हा!" गेटवरचे वॉचमन सोपानराव धावत आले. "आतलं पाणी सोडलंय. तेजाबानं पत्रं धुत्यात त्याचं."

"रोज सोडता?"

"रोज दुपारी."

"आन मी रोज सकाळी हितनं भाजी नेते, ते तुला दिसत न्हाई व्हय रे? डोळं फुटलं व्हतं का तुजं?"

सोपानरावांनी मान खाली घातली. "मला वाटलं... शेळीला नेता."

अंबूबाई तशीच, भाजलेल्या पायानं, घराकडं पळत सुटली.

उत्कर्षा आदल्या दिवशीची उरलेली भाजी घेऊन जेवायला बसली होती. जेवत्या माणसापुढचं ताट ओढू नये, पोटुशीच्या पुढचं तर नाहीच, असं उभा जन्म सांगत आलेल्या अंबूबाईनं ते ताट ओढलं आणि भाकरीसकट मोरीत उपडं केलं.

"थुक! तोंडातलं थुक आधी!"

उत्कर्षाचे डोळे भरून आले. "आई, मी जास्त खाल्लं का?"

जास्त खाल्लं का, म्हणे! अंबूबाईनं मोरीच्या काठावर कपाळ बडवून घेतलं. स्वतःच्या हातानं घास भरवला होता तिनं, उरलं असेल तर तेही आग्रह करून वाढलं होतं.

धनेश शिफ्टवरून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. "आई, गप बस. त्या लोकांचं पार वरपर्यंत असतंय."

"त्येंचं वरपर्यंत असू दे. माझ्या घरापर्यंत आलंय आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी, शिफ्ट सुटायच्या वेळेला, ती त्या गेटसमोर उभी. हातात डबा. डब्यात पातेल्यात राहिलेली तीच भाजी आणि भाकरी. कंपनीच्या साहेबाची गाडी आली तशी ती गाडीला आडवी गेली. काच खाली आली.

"साहेब, तुमचं पाणी कसलं हाय?"

"शुद्ध करूनच सोडतो, आजी. आमच्या बागेलाही तेच घालतो. का?"

"मग एक घास खा. त्याच पाण्यावरची भाजी हाय. माझी पोटुशी सून रोज खाती."

साहेब हसला. अंबूबाईनं घास मोडला आणि हात खिडकीतून आत घातला. तसा साहेब स्टिअरिंग सोडून पलीकडच्या सीटकडं कलला.

"वेड लागलंय का तुम्हाला? विष आहे ते!"

गेटमधून बाहेर पडणारी माणसं जागच्या जागी थांबली. साहेबानं घाईनं काच वर केली आणि हॉर्न दाबला. सोपानरावांचा हात बॅरियरवर होता, पण बॅरियर वर जात नव्हता.

"ऐकलंस?" अंबूबाई त्यांच्याकडं वळली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "आता माझ्यासंगं दवाखान्यात चल. ह्यो काय म्हणाला ते, आन सुनेच्या पोटात काय गेलं ते डॉक्टरीणबाईला तू सांग. मी भरवलं, हे माझ्या तोंडानं न्हाई सांगवायचं मला."

हॉर्न वाजतच होता. सोपानरावांनी डोक्यावरची टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि ते तिच्या मागोमाग निघाले.